कुत्रा पाळणं शक्य नाही, पण रेस्क्यूवाल्यांना हातभार लावायचाय. नक्की काय करू?

मैनावती:
गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री नऊ-साडेनऊला पार्किंगमधून बारीक केकाटल्याचा आवाज यायला लागला म्हणून खाली गेले, तर एका गाडीच्या मागच्या चाकाला टेकून तीनेक महिन्यांचं पिल्लू बसलेलं, मागचा एक पाय नुसता लोंबत होता. मला कुत्र्यांतलं काही कळत नाही. शोधून शोधून चार नंबर फिरवले, दोन लागलेच नाहीत, एकाने पुढचा नंबर दिला, आणि चौथ्यावर एक मुलगी म्हणाली, पंचवीस मिनिटांत पोचते, हात लावू नका, फक्त नजरेआड होऊ देऊ नका. ती ऑफिसच्याच कपड्यांत आली. पाठीला सॅक, हातात पुठ्ठ्याचं खोकं आणि एक जुना टॉवेल. टॉवेल अलगद डोक्यावरून टाकला, दोन्ही बाजूंनी गुंडाळला आणि पिल्लू गुरगुरायच्या आत खोक्यात. मी आपली टॉर्च धरून उभी. जाताना म्हणाली, "टॉर्च हलवला नाहीत ते फार बरं झालं, बरेच जण तेवढ्यात व्हिडिओ काढायला लागतात."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. सासऱ्यांना दमा आहे त्यामुळे घरात कुत्रा आणणं शक्य नाही. पैसे थोडे देऊ शकते, फार नाही. रविवार मोकळा असतो आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. माझ्यासारखीने काय केलं तर त्या लोकांना खरंच उपयोग होईल? "काहीतरी केलं" असं स्वतःला वाटण्यापुरतं नकोय.

रानवारा:
चांगला धागा. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

आजोळ:
मैनावती, आठ वर्षं ह्या कामात आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सांग.

तू जे केलंस तीच पहिली मदत. फोन केलास आणि थांबलीस. आम्हाला दिवसाला जे फोन येतात त्यातले कितीतरी असे की "अमुक ठिकाणी कुत्रा पडलाय, येऊन घेऊन जा", आणि आपण तिथे पोचेपर्यंत फोन बंद. कुत्रा कुठल्या वळणावर, कुठल्या झाडाखाली, उठून निघून गेला का, काही कळत नाही. दुखावलेला कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन दडतो, मग आम्ही दोन-दोन तास टॉर्च मारत फिरतो. तेव्हा फोन केलात तर लोकेशन पाठवा, लांबून एक फोटो काढा (रक्त येतंय का, उभा राहतोय का एवढं दिसलं तरी पुरे) आणि जमेल तेवढा वेळ तिथे थांबा.

दुसरं म्हणजे वस्तू. जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी, कितीही द्या कमीच पडतं. पण उशा आणि कापूस भरलेल्या गाद्या नकोत. पिल्लं फाडतात, कापूस गिळतात, आणि एकदा घाण झाली की ती धुताही येत नाही वाळवताही येत नाही. लोक प्रेमाने गाद्या आणून ठेवतात आणि "नको" म्हणताना जीभ अडखळते.

तिसरं गाडी. गाडी असेल तर तू अर्धी रेस्क्यू टीमच आहेस. दवाखान्यात नेणं, टाके काढायला परत नेणं, दत्तक घेणाऱ्याच्या घरी पोचवणं. आमच्या कामातला सगळ्यात जास्त वेळ ह्या फेऱ्यांत जातो, आणि ह्याचे फोटो कुणी टाकत नाही म्हणून लोकांना वाटतं काम म्हणजे खड्ड्यातून कुत्रा वर ओढणं. ते महिन्यातून एखाद्या वेळेस. बाकी सगळं धुणं, पुसणं, औषधाच्या वेळा आणि फेऱ्या.

तिसरा_मजला:
आजोळ ताई, आदर ठेवून असहमत. मी सरळ सांगतो, पैसे द्या. बाकी टॉवेल-बिवेल ठीक आहे पण दवाखान्याचं बिल टॉवेलने भरता येत नाही. पायाचं हाड मोडलेल्या एका कुत्र्याचं ऑपरेशन, एक्स-रे, नंतरचं ड्रेसिंग हे सगळं कुणीतरी खिशातून भरत असतं आणि शेवटी उधारी साठली की दवाखाना दार बंद करतो. नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःचा रविवार घालवून पिंजरे धुण्यापेक्षा तेवढे पैसे द्यावेत, ज्याला येतं तो ते काम करेल.

फक्त एक. मी पूर्वी फोटो बघून पैसे पाठवायचो. एकदा तोच फोटो, तोच कुत्रा, तीच जखम वेगळ्या नावाने तीन ठिकाणी दिसली. तेव्हापासून माझा नियम, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात, केस पेपरचा नंबर लिहून, पावती घेऊन. खरं काम करणाऱ्याला ह्याचा राग येत नाही.

आजोळ:
थेट दवाखान्यात भरणं एकदम मान्य, आम्ही स्वतःच तसं सांगतो. आणि पैसे लागत नाहीत असं मी कुठे म्हटलं? पण दादा, रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये पैसे जात नाहीत, माणूस जातो. ज्या महिन्यात आमच्याकडे पैसे होते त्याही महिन्यात मी कुत्र्यांना नाही म्हटलंय, कारण ठेवायला जागा आणि बघायला माणूस नव्हतं.

आणि पैसे देणार असाल तर एकदम मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा थोडे पण दर महिन्याला द्या. महिन्याला किती येणार हे माहीत असलं की "हा घेऊ शकतो" असं ठामपणे म्हणता येतं.

खुरपंजा:
प्राण्यांचा डॉक्टर आहे. कशाने मदत होते ते वर आलंच आहे, मी कशाने नुकसान होतं ते लिहितो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या केसेसमध्ये आधी कुणीतरी काळजीपोटीच काहीतरी करून ठेवलेलं असतं.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हर जातं. जखमेत अळ्या असतील तर रॉकेल, फिनेल, पेट्रोल काही ओतू नका, अळ्या मरतात पण मांस भाजतं आणि तो विषारी पदार्थ कुत्रा चाटतो. आणायला उशीर होणार असेल तर जखम स्वच्छ सुती कापडाने झाका, माश्या बसू देऊ नका, बाकी आमच्यावर सोडा.

आई नसलेली बारकी पिल्लं सापडली की सगळे आधी दुधाकडे धावतात. आधी ऊब. तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर त्याला ते पचत नाही. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, अंग गरम लागायला लागलं की मग पाजा. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा फॅट कमी आणि लॅक्टोज जास्त, त्याने जुलाब लागतात, म्हणून पिल्लांसाठीची तयार दूध पावडर आणा. पाजताना पोटावर ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने खालची जागा हलकी पुसायची. आई हेच चाटून करते, त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला शी-शू होत नाही.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ज्यांच्या घरी मोठा निरोगी कुत्रा आहे ते त्याचं रक्तदान करू शकतात. साधारण २५ किलोच्या वर वजन, वय १ ते ८, सगळ्या लसी झालेल्या, कुठलंही औषध चालू नाही. गोचिडतापात रक्त इतकं उतरतं की काही वेळा दुसरा इलाजच नसतो, आणि तेव्हा आम्ही रात्री ओळखीच्या लोकांना फोन लावत बसतो. तुमच्या डॉक्टरकडे नाव देऊन ठेवा.

सुगरणपक्षी:
बापरे, उताणं धरून पाजायचं नाही हे माहीतच नव्हतं. मी लहानपणी असंच पाजायचे :( वाचनखूण साठवली.

रानवारा:
आलो. मी सहा वर्षं एका शेल्टरला दर शनिवारी जातो. डॉक्टरांनी पार्व्होचं, म्हणजे पिल्लांचा जीव घेणाऱ्या संसर्गाचं, लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

पहिल्या वर्षी मी उत्साहात एका दिवसात दोन शेल्टर करायचो. सकाळी एक, दुपारी दुसरं. कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारलं, तू चपला बदलतोस का? पार्व्हो व्हायरस जमिनीत, कपड्यावर, चपलेच्या तळाला महिनोनमहिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही, ब्लीचचं पाणी लागतं आणि तेही आधी घाण नीट धुऊन काढल्यावर. लस न झालेल्या पिल्लांत हा शिरला की आठवड्याभरात खोली रिकामी होते. मी नेला होता की नाही हे मला कधीच कळणार नाही, पण तेव्हापासून शेल्टरच्या चपला वेगळ्या आहेत, आणि त्या तिथेच राहतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पाय दाखवायला लावतो.

धागाकर्तीने विचारलंय म्हणून सांगतो, रविवारी शेल्टरला गेलीस तर कुत्र्यांना कुरवाळायला जाऊ नकोस. भांडी घास, पाणी बदल, पट्टे-कॉलर धू. कुरवाळणं आपोआप होतं, भांडी आपोआप होत नाहीत.

उंबरठा:
फॉस्टरबद्दल कुणीच लिहिलं नाही! दत्तक न घेता काही आठवडे घरी सांभाळणं. मैनावतीला जमणार नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला जमेल.

आमच्याकडे आतापर्यंत अकरा येऊन गेले. पहिली आली ती काळी कुत्री, चारेक वर्षांची, कुणीतरी बांधून सोडून गेलेलं. पहिले तीन दिवस ती बाथरूमच्या दारामागून बाहेर आली नाही. ताटली सरकवायची आणि मागे व्हायचं. मी आत गेले की ती भिंतीकडे तोंड करायची, लहान मूल डोळे मिटून लपतं ना तसं. चौथ्या दिवशी मी जमिनीवर पाठमोरी बसून फोनवर बोलत होते, तर मागून येऊन तिने माझ्या तळपायाला नाक लावलं आणि लगेच परत पळाली. ओलं गार नाक. मी फोनवर काय बोलत होते ते मला अजून आठवत नाही.

रेस्क्यूवाले सांगतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत हे आपलं घर असं वाटतं. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही पण घाई करू नये एवढं त्यातून कळतं. तीन दिवसांत "हा तर काही खातच नाही, परत घ्या" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि हो, अकरातला एक परत गेलाच नाही, आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतोय.

बोका_क्र_२:
अकरातला एकच राहिला? ताई, तुमचा निश्चय दगडाचा आहे, आमच्याकडे दोन आले नि दोन्ही राहिले, आता फॉस्टरला जागाच नाही :D

पिंपळपान:
मला थोडं वेगळं बोलायचंय, कुणी राग मानू नका. माझ्या मुलीला ती सहा वर्षांची असताना कुत्रा चावला. पोटरीला. टाके, इंजेक्शनं, आणि त्याहून वाईट म्हणजे नंतर वर्षभर ती एकटी खाली उतरायची नाही. त्या कोपऱ्यावर एकजण रोज खायला घालायचे, त्यांनी हात वर केले की माझा कुत्रा नाही. मदत करताना चावणाऱ्या कुत्र्यांचा आणि ज्यांना चावतात त्यांचा विचार कोण करतं?

आजोळ:
पिंपळपान, राग कसला. मुलगी आता कशी आहे? तुम्ही बोललात ते खरं आहे आणि ते आम्ही ऐकलंच पाहिजे. नुसतं खायला घालून निघून जाणं ह्याला मी मदत म्हणत नाही. ज्याला खायला घालता त्याची नसबंदी आणि रेबीजची लस ही तुमची जबाबदारी. खायला घालणाऱ्यावर कुत्र्याचा विश्वास असतो, त्यामुळे पकडून न्यायला तोच माणूस सगळ्यात उपयोगी. आमचे तीन-तीन जण जाळं घेऊन घामाघूम होतात आणि रोज खायला घालणाऱ्या मावशी येऊन पट्टा घालून जातात. अशा मावशी दहा मिळाल्या तर आम्ही एका महिन्यात सगळा भाग पूर्ण करू. कानाचं टोक कापलेलं दिसलं की समजायचं नसबंदी झालीय, ती खूण भुलीतच करतात.

खुरपंजा:
पिंपळपान यांच्या प्रतिसादाला जोडून. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे असतात आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, काहीही असो, लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि थेट डॉक्टरकडे. रेस्क्यूला जाणाऱ्यांनी तर स्वतःच्या लसी आधीच घेऊन ठेवाव्यात.

उलट बाजूने, एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस दिली आणि ते दरवर्षी चालू ठेवलं तर कुत्र्यांमधलं रेबीज थांबतं. म्हणजे लसीकरणाच्या दिवशी नुसतं वही घेऊन उभं राहणारा, कुठला कुत्रा झाला कुठला राहिला हे लिहिणारा माणूस सहा वर्षांच्या मुलीलाही वाचवत असतो. पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली, तो मुलगाही कुत्रा चावलेलाच होता. पाश्चरच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होतं. तेव्हा माणसं कमी पडतात.

पिंपळपान:
धन्यवाद डॉक्टर, आजोळ. मुलगी आता बारा वर्षांची आहे, ठीक आहे. ते वही घेऊन उभं राहणं मला जमेल असं वाटतं. कुत्र्याजवळ जावं लागत नाही ना?

खुरपंजा:
अजिबात नाही. टेबलामागे बसायचं. लेखी काम करणारा मिळाला तर आम्हाला तासाला कितीतरी जास्त कुत्रे करता येतात.

तळटीप:
अवांतर, पण ह्या धाग्यावर सांगावंसं वाटतं. लंडनमधलं प्रसिद्ध बॅटर्सीचं शेल्टर १८६० मध्ये मेरी टीलबी नावाच्या बाईंनी सुरू केलं, तेव्हा ते हॉलोवे भागात होतं, नाव "हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठीचं तात्पुरतं घर". तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून टिंगल झाली, माणसं उपाशी असताना कुत्र्यांना घर कशाला म्हणून. पाच वर्षांत, १८६५ ला, त्या गेल्या. १८७१ ला शेल्टर बॅटर्सीला हललं, जे त्यांनी पाहिलंच नाही, आणि ते आजही चालू आहे. नावातला "तात्पुरतं" हा शब्द वाचला की मला दरवेळी भरून येतं.

काजळमाया:
मी फोटो काढते, माझं काम तेवढंच. शेल्टरमधल्या कुत्र्यांचे बहुतेक फोटो वरून काढलेले, जाळीतून, फ्लॅश मारून, डोळे हिरवे. कोण घेणार? जमिनीवर पालथं पडून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आणा, उन्हात नको पण दिवसाच्या उजेडात. काळ्या कुत्र्यांचे चेहरे फोटोत नुसता काळा गोळा येतात, त्यांना फिकट भिंतीसमोर, तोंड उजेडाकडे करून बसवायचं, म्हणजे भुवया आणि मिशासुद्धा दिसतात. आणि पोस्टमध्ये "बिचारा, ह्याला वाचवा" लिहू नका. तो कसा आहे ते लिहा. मुलांबरोबर राहतो का, मांजर चालतं का, एकटा ठेवला तर रडतो का, पट्ट्यावर ओढतो का. वाईट गोष्टीही लिहा. जो सगळं वाचून येतो तो परत सोडायला येत नाही.

बोका_क्र_२:
नावांचंही लिहा कुणीतरी. सतरावा ब्राउनी आणि नववा टायगर आला की रजिस्टरमध्ये कोणाला कुठलं औषध हेच कळत नाही.

उंबरठा:
@बोका, खरंय! आमच्या ग्रुपने आता महिन्याला एक विषय ठरवलाय. मागच्या महिन्यात नद्या होत्या, कावेरीला काल घर मिळालं.

जमाखर्च:
निवृत्त आहे, आयुष्यभर हिशेब लिहिले. कुत्र्यांची मला थोडी भीतीच वाटते, म्हणून हा धागा नुसता वाचत होतो, पण पिंपळपान यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या ओळखीतल्या एका छोट्या गटाच्या पावत्या एका पिशवीत कोंबलेल्या असायच्या. गटातली मुलं प्रामाणिक पण हिशेब शून्य, त्यामुळे कुणी विचारलं की गप्प बसायची आणि लोकांना संशय यायचा. मी दोन वर्षं दर महिन्याच्या शेवटी बसून जमाखर्च लिहितो आणि तो कागद ते ग्रुपवर टाकतात. कुठल्या कुत्र्यावर किती, दवाखान्याची उधारी किती. तिसरा_मजला यांना आलेला अनुभव अनेकांना असतो, त्यावर हाच उपाय. दर महिन्याला नेमाने देणारे त्यानंतर बरेच वाढले.

तिसरा_मजला:
काका, हे वाचून बरं वाटलं. मी वर जरा ताडकन लिहिलं. असा हिशेब दिसला असता तर मी मधली तीन वर्षं हात आखडता घेतला नसता. आजोळ ताई, माझी गाडी शनिवारी दिवसभर उभी असते. मेसेज करतो तुम्हाला.

आजोळ:
करा करा. मागच्या सीटवर घालायला जुनी चादर तेवढी ठेवा.

मैनावती:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

त्या मुलीला फोन केला. तिला सरळ विचारलं, तुला कशाचा सगळ्यात जास्त वैताग येतो ते सांग, मी ते करते. ती आधी हसली, मग म्हणाली, धुणं आणि फोन. तर आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सहा ते नऊ त्यांचा फोन माझ्याकडे वळवलेला असतो. कुठे, कसा, तुम्ही तिथे थांबू शकता का, गोळी देऊ नका, हात लावू नका, एवढंच मी विचारते आणि सांगते (आजोळ आणि डॉक्टरांचे प्रतिसाद छापून भिंतीला लावलेत). पहिल्याच दिवशी एक काका म्हणाले, थांबतो की, मला काय घाई आहे, आणि दीड तास थांबले. आणि शनिवारी रात्री शेल्टरचे टॉवेल येतात, आधी तिथेच उकळत्या पाण्यातून काढून देतात, मग रविवारी मी मशीनला लावते, गच्चीवर वाळवते. सासरे घड्या घालतात. दम्यामुळे हे चालेल का म्हणून डॉक्टरांना विचारलं, धुऊन वाळलेल्याला हरकत नाही म्हणाले, त्यामुळे तेच आता मोजदाद ठेवतात आणि एखादा फाटका आला की शिवून ठेवतात.

पार्किंगमधल्या पिल्लाच्या पायात रॉड टाकलाय, अजून महिनाभर तरी पिंजऱ्यात ठेवायचंय, उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि ते ऐकत नाही. त्याचं नाव त्यांनी टॉर्च ठेवलंय. काजळमाया, त्याचा एक चांगला फोटो हवाय, व्यक्तिगत निरोप केलाय, बघशील का?

आत्ताच मेसेज आला, गेटपाशी कुणीतरी खोक्यात सात पिल्लं ठेवून गेलंय, डोळेही उघडलेले नाहीत. टॉवेल कमी पडतायत. वाळलेले अठरा आहेत आणि दोन कोमट पाण्याच्या बाटल्या भरल्यात, निघते.